गंजाला पांघरूण नको!

मिस्त्रीकाकांची पेटी

दोस्तांनो,

दसरा झाला. त्याच्या आदल्या दिवशी तुमच्यापैकी पुष्कळांनी घरची गाडी, स्कूटर, निदान आपली सायकल तरी घासूनपुसून धुतली असेल. एक बादली पाणी, जुनं फडकं, थोडासा शाम्पू. आणि दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढच्या चाकाशी नारळ. एरवी वर्षभरात गाडीकडे इतक्या जवळून कोण बघतं? म्हणून नेमकं त्याच दिवशी काहींच्या लक्षात आलं असेल, की चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेला रंग जरासा फुगलाय. अंगावर पुरळ उठावं तसा. नखाने टोकरलं तर रंगाची खपली निघाली आणि खाली तांबूस भुकटी!

गंज!

मग घरोघरी काय होतं, तेही मला माहीत आहे. आई म्हणते, "हार जरा खाली ओढा, दिसणार नाही." ताई नेलपॉलिशची बाटली घेऊन येते. बाबा म्हणतात, "माळ्यावर ग्रिलचा उरलेला रंग आहे, दिवाळीत मारू एक हात." छोटू त्यावर क्रिकेटचं स्टिकर चिकटवून मोकळा होतो. उपाय चार, पण सगळे एकाच जातीचे. गंजावर पांघरूण घालायचं आणि विसरून जायचं!

हे पांघरूण का चालत नाही, आणि त्याऐवजी घरच्या घरी काय करता येतं, ते आज पाहू या. हा विषय घ्यायला एक पत्र कारण झालं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्राकाठच्या एका गावातून नववीतल्या एका मैत्रिणीने लिहिलंय:

"काका, आमच्याकडे पांढरी मारुती ८०० आहे. पुढच्या वर्षी तिला पंधरा वर्षं पुरी होतील. मग आरटीओत तपासून घेऊन पुन्हा नोंदणी करावी लागते. आजीला दर महिन्याला तालुक्याच्या गावी दवाखान्यात न्यायला आम्हांला हीच गाडी. गेल्या वर्षी मागच्या चाकाच्या वर गंज आला, म्हणून बाबांनी पैसे देऊन रंग मारून घेतला. यंदा पावसाळा संपतो न संपतो तोच त्याच जागी दुप्पट मोठा फोड आलाय. दादा म्हणतो, गाडी सडली, भंगारात द्या. बाबा काहीच बोलत नाहीत. काका, आम्ही घरी दुरुस्ती करू शकतो का? आणि रंग मारूनही गंज परत का आला?"

शहाणी मुलगी! शेवटचा प्रश्न आधी घेऊ. त्याचं उत्तर कळलं की बाकीची उत्तरं आपोआप सापडतील.

गंज परत का येतो?

लोखंडाला गंजायला दोन गोष्टी लागतात: पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. पण ही नुसती 'हवा लागली आणि खराब झालं' अशी गोष्ट नाही बरं का. गंजणं म्हणजे एक चिमुकली बॅटरीच असते. उघड्या पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला, की थेंबाच्या मध्याखालचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून देतं आणि स्वतः पाण्यात विरघळू लागतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच थेंबाच्या कडेकडे जातात, कारण कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो. या देवघेवीतून शेवटी तयार होतो तो तांबूस गंज, म्हणजे पाणी धरून बसलेलं आयर्न ऑक्साइड.

थेंबात मीठ असेल तर त्यातून वीज आणखी सहज वाहते आणि ही बॅटरी जोरात चालते. म्हणून नागपूरच्या गाडीपेक्षा मालवणची गाडी लवकर गंजते. खाऱ्या वाऱ्याची ताकद पाहायची असेल तर रामेश्वरमला जाणाऱ्या पांबन पुलाचं उदाहरण घ्या. १९१४ साली समुद्रावर उभारलेला हा रेल्वेपूल वरचेवर रंगवावा लागे, सांभाळावा लागे. तरीही गंजामुळे डिसेंबर २०२२मध्ये त्यावरची रेल्वे थांबवावी लागली. शेजारी बांधलेला नवा पूल एप्रिल २०२५मध्ये सुरू झाला. एवढ्या मोठ्या पुलाची ही गत, तिथे आपल्या गाडीचा पत्रा तो केवढा? पाऊण मिलिमीटरच्या आसपास!

आता गंजाचा दुसरा दुर्गुण. ॲल्युमिनियमच्या भांड्यावरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो पातळ आणि घट्ट असतो. तो बसला की आतला धातू सुरक्षित. गंज तसा नाही. तो भुसभुशीत, स्पंजासारखा. पाणी आणि मीठ पोटात धरून ठेवतो. शिवाय ज्या लोखंडापासून तो झाला, त्याच्यापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. जागा कमी पडली की तो वरचा रंग उचलतो. म्हणून तो फोड! रंग उचलला की कडेला नवी फट पडते, फटीतून नवं पाणी, नव्या पाण्याने नवा गंज. असं ते चक्र चालूच राहतं.

आणि हा रंग असतो तरी किती जाड? कारखान्यातून निघालेल्या गाडीचे प्रायमर, रंग, वरची चकाकी असे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर. तुमच्या डोक्याचे दीड-दोन केस एकावर एक ठेवलेत तर होतील तेवढे! चाकाने उडवलेला एक खडा तो थर फोडायला पुरतो.

आता सांगा, ओल्या स्पंजावर नवा रंग फासला तर काय होईल? वरून छान दिसेल. आत गंज निवांत आपलं काम करत राहील. आमच्या मैत्रिणीच्या गाडीचं बहुधा हेच झालंय. म्हणून आजचा एकच नियम वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: गंज झाकायचा नाही, काढायचा, आणि काढला की त्याच दिवशी पत्रा बंद करायचा.

कातडीचं दुखणं की हाडाचं?

हत्यारं काढायच्या आधी डॉक्टरांसारखी तपासणी हवी. गंज तीन पायऱ्यांनी वाढतो.

पहिली पायरी: नुसता तांबूस डाग. रंगाला ओरखडा गेलाय आणि खालचा पत्रा लाल दिसतोय. हे कातडीचं दुखणं. घरी नक्की बरं होतं.

दुसरी पायरी: फोड आलाय, खाली पत्र्याला बारीक बारीक खड्डे पडलेत, पण पत्रा दाबून पाहिला तर टणक लागतो. हेही घरी होतं. मेहनत जास्त, एवढंच.

तिसरी पायरी: स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर 'टण्' असा आवाज न येता 'भद्द' असा येतो, टोकाने जरा दाबलं तर ते आत जातं, खपल्या पडतात, भोक पडतं. इथे रोग आतून बाहेर आलेला असतो. बाहेरून कितीही रंगवा, उपयोग शून्य.

आणखी एक गमतीची तपासणी. फ्रिजवर चिकटवायचं साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. एखाद्या जागी ते धरेनासं झालं, तर तिथे रंगाखाली लोखंड नाही, पुट्टीचा जाड थर आहे असं समजा. म्हणजे कोणीतरी पूर्वी भोक लिंपलेलं असणार. पुट्टीने भोक दिसेनासं होतं, पण पत्र्याची ताकद काही परत येत नाही. उलट ती ओलावा शोषून घेते आणि मागे गंज सुरूच राहतो.

हे एवढं का सांगतोय? मारुती ८००सारख्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जो सांगाडा होतो, तोच सगळा भार पेलतो. दारांखालची लांब पट्टी, जॅक लावायची जागा, सीट बेल्ट जिथे आवळलेला असतो तो भाग, चाकांचे शॉक ॲब्सॉर्बर जिथे बसतात ती जागा, ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी या ठिकाणी खोल गंज दिसला, तर आपण हातही लावायचा नाही. सरळ चांगल्या कारागिराकडे जायचं. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यायचा. आणि गाडीखाली शिरायचं तर कधीच नाही. गाडी नुसत्या जॅकवर उभी असताना तर डोकंसुद्धा खाली घालायचं नाही.

तर मैत्रिणी, दादा बरोबर की चूक, हे तो बसल्या जागी सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. स्क्रू ड्रायव्हरची मूठ सांगेल. बाबांना बरोबर घे आणि चाकाची कड, दाराखालची पट्टी, डिकीतलं गालिचाखालचं तळ ठोकून पाहा. आवाज टणक आला, तर एका फोडासाठी गाडी भंगारात द्यायचं काही कारण नाही. सांगाडाच पोकळ निघाला, तर मात्र आजीला त्या गाडीत बसवायच्या आधी कारागिराला दाखवा. दुरुस्तीचा खर्च विचारा आणि मगच ठरवा. अशा वेळी रंग मारून गाडी वापरत राहणं, हा पर्याय नाहीच.

साहित्य

आपलं काम पहिल्या दोन पायऱ्यांचं. त्यासाठी हार्डवेअरच्या आणि गाडीच्या रंगाच्या दुकानात हे मिळेल: तारेचा ब्रश, ८०, १८० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (नंबर जेवढा मोठा, तेवढा कागद मऊ), रस्ट कन्व्हर्टरची छोटी बाटली, गाडीसाठीचा गंजरोधक प्रायमर, गाडीच्या रंगाचा स्प्रे आणि वरची चकाकी देणाऱ्या क्लिअर कोटचा स्प्रे, थोडं थिनर, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड. घरून घ्यायचं ते जुनी वर्तमानपत्रं आणि स्वच्छ सुती फडकी.

रंगाचं नाव दुकानात अंदाजाने सांगू नका. 'पांढरा' म्हणाल तर दुकानदार दहा पांढरे दाखवेल! गाडीवर रंगाचा संकेतांक लिहिलेली पट्टी किंवा स्टिकर असतं, बहुतेक वेळा बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर. तो आकडा टिपून न्या. आणि ग्रिलला लावायचा रेड ऑक्साइड इथे नको. तो तेलरंगाच्या जातीचा असतो. त्यावर गाडीचा स्प्रे मारला की स्प्रेमधल्या थिनरने खालचा थर सुरकुतण्याची भीती असते.

दोस्तांनो, आता गंभीरपणे ऐका. हे काम मोठ्या माणसाबरोबरच करायचं. घासताना डोळ्यांवर गॉगल, तोंडावर एन-९५ मास्क, हातांत मोजे. जुन्या रंगात शिसं असू शकतं; ती धूळ पोटात जाता कामा नये. थिनर आणि स्प्रे भडकन पेट घेतात. म्हणून काम उघड्यावर, आणि जवळ गॅस, उदबत्ती, विडी-सिगारेट काही नको. दिवाळीत फटाके वाजत असताना तर हे काम काढूच नका. हार्डनर घालून मारायचे जे रंग असतात, ते गॅरेजवाल्यांसाठी. त्यांची वाफ फुप्फुसाला घातक असते. घरी ते वापरायचे नाहीत.

कृती

पहिल्या रविवारची सकाळ. ऊन-सावली अशी जागा पाहा. पावसाळी, दमट दिवस नको. पत्रा चटका बसेल इतका तापलेलाही नको. ऑक्टोबर सरता सरता आपल्याकडे असे कोरडे दिवस मिळतात.

१. धुणं. ती जागा शाम्पूच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. चाकाच्या आतल्या बाजूचा चिखलही काढा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी हे दोनदा करा, म्हणजे मीठ निघून जाईल. मग पूर्ण वाळू द्या.

२. टेप. फोडापासून चार बोटं अंतर सोडून चारही बाजूंनी मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावा. काच, टायर, दिवा सगळं झाका. स्प्रेचे कण वाऱ्याने कुठे जातील, सांगता येत नाही.

३. खपली काढणं. तारेच्या ब्रशने सुटा रंग आणि सुटा गंज खरवडा. फोड रुपयाएवढा दिसत असला तरी रंगाखाली गंज त्याहून लांब पसरलेला असतो. जिथवर रंग सुटतोय तिथवर जायचं. मध्येच दया दाखवायची नाही.

४. घासणं. आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०. पत्रा चकचकीत रुपेरी दिसेपर्यंत घासा. कडेच्या जुन्या रंगाची पायरी राहू देऊ नका. बोट फिरवलं तर पत्र्यावरून रंगावर कधी आलो, हे कळता कामा नये. एक सूचना: हल्लीच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा पातळ थर असतो, आपल्या जस्ताच्या बादलीवर असतो तसा. ओरखडा गेला तरी जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. तो थर उगीच घासून काढू नका. गंज जेवढा, तेवढीच जागा.

५. खड्ड्यांतला गंज. घासूनही बारीक खड्ड्यांत काळे-तांबडे ठिपके राहतातच. त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. तो ब्रशने लावा आणि बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ठेवा. काही कन्व्हर्टर नंतर धुवायचे असतात, काही नसतात; तेही बाटलीवरच वाचा. ठिपके काळे पडतील. पण हे औषध खड्ड्यांतल्या उरल्यासुरल्या गंजासाठी आहे. जाड खपल्यांवर ओतलं तर ते वरच्यावरच राहतं.

६. पुसणं. फडक्यावर थोडं थिनर घेऊन ती जागा पुसा. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही! घामात मीठ असतं, आणि मीठ काय करतं ते आपण आत्ताच पाहिलं.

७. प्रायमर. उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच पुन्हा लाल होऊ लागतो. म्हणून घासणं आज आणि प्रायमर उद्या, असं चालायचं नाही. डबा चांगला दोन मिनिटं हलवा. पत्र्यापासून वीतभर लांब धरा. स्प्रे जागेच्या बाहेर सुरू करा, हात एका सरळ रेषेत न्या आणि बाहेर जाऊनच थांबवा. थर पातळ हवा, खालचा पत्रा अंधुक दिसेल इतका. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकदम जाड मारलात तर ओघळ आलाच म्हणून समजा. खड्डे अजून दिसत असतील तर प्रायमर वाळल्यावर पुट्टीचा अगदी पातळ हात फिरवा. वाळली की ४०० नंबरने गुळगुळीत करा आणि त्यावर प्रायमरचा आणखी एक थर द्या.

८. रंग आणि क्लिअर. प्रायमर वाळला की ४०० नंबरने हलकेच घासून पुसून घ्या. मग रंगाचे दोन-तीन पातळ थर आणि शेवटी क्लिअर कोटचे दोन. "आज एवढंच, रंग पुढच्या महिन्यात" असं करू नका. पुष्कळसे प्रायमर ओलावा शोषतात. नुसत्या प्रायमरवर गाडी महिनाभर फिरवलीत तर सगळी मेहनत वाया. टेप काढताना हळूच, रंगापासून बाहेरच्या बाजूला ओढा.

दुसरा रविवार. आठवडाभरात रंग कडक होतो. आता १५०० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने रंगाची कड घासा. मग रबिंग कंपाउंडने गोल गोल फिरवत चकाकी आणा. वॅक्स मात्र महिनाभराने.

एवढं करूनही जवळून पाहिलं तर ठिगळ थोडंसं दिसेल. गाडीचा जुना रंग उन्हाने उतरलेला असतो, नवा ताजा असतो. दिसू द्या! आपल्याला गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही. पत्रा वाचवायचाय.

आवळा, चहा आणि लोहस्तंभ

कन्व्हर्टर लावल्यावर गंज काळा का पडतो, असं कोणी विचारलं का? शाबास! लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, ते आजीला विचारा. आवळा, हिरडा, चहा यांत टॅनिन नावाच्या तुरट पदार्थांचं कुटुंब असतं. टॅनिन आणि लोखंडाचे क्षार भेटले की काळानिळा पदार्थ तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत, ती याच तत्त्वावर. काही कन्व्हर्टरमध्ये हेच टॅनिन असतं. भुसभुशीत गंजाचं ते तुलनेने स्थिर, काळ्या थरात रूपांतर करतं. खात्री करायची असेल तर दूध-साखर न घातलेल्या कडक चहात एक गंजलेला खिळा रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पाहा. (चहा मग फेकून द्या, प्यायचा नाही!)

दुसऱ्या प्रकारच्या कन्व्हर्टरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं. त्यापासून लोखंडाच्या फॉस्फेटचा थर बनतो. हे वाचून काही आठवतं का? दिल्लीला कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ! सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, सुमारे सोळाशे वर्षांचा, आणि उघड्यावर उभा. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण बरंच आहे. त्यामुळे स्तंभावर फॉस्फेटचा पातळ, चिवट थर तयार झाला आणि त्याने आतलं लोखंड जपलं, असं आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासातून दाखवलं. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही त्याला मदत झाली. म्हणजे तो स्तंभसुद्धा जादूने टिकला नाही. त्याला घट्ट बसलेला थर मिळाला म्हणून टिकला. आपण प्रायमर मारून आपल्या पत्र्याला तेच द्यायला बघतो.

पुन्हा येऊ नये म्हणून

औषधापेक्षा पथ्य स्वस्त. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की दार म्हणजे पाण्याचा डबा होतो. काडीने ती मोकळी ठेवा. हे काम तुमच्या बारीक बोटांचं, मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला चाकांच्या आतल्या कडेवर पाण्याचा पाइप धरून चिखल पाडा. पायाखालचे मॅट उचलून पाहा. खाली ओल असेल तर वाळवा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते. आणि ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात टचअप करा. तेव्हा ते दहा मिनिटांचं काम असतं. पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबलात तर दोन रविवार!

ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांनी तोंड पाडायचं कारण नाही. सायकलचं मडगार्ड, खिडकीचं ग्रिल, पत्र्याची पेटी, सगळ्यांना हाच नियम लागू. खरं तर गाडीला हात लावण्याआधी सगळ्यांनीच पुढचा प्रयोग करून पाहावा. एकसारखी गंजलेली दोन जुनी बिजागरं घ्या. एकाला तसाच वरून रंग द्या. दुसऱ्याचा गंज घासून काढा, प्रायमर द्या, मग तोच रंग द्या. दोन्ही वाळली की कोणतं कुठलं, हे तुम्हांलाही पटकन ओळखता येणार नाही. आता दोन्ही गच्चीत ठेवा आणि रोज सकाळी त्यांवर मिठाचं पाणी शिंपडा. कुठल्या दिवशी कुठल्या बिजागरावर पहिला फोड आला, ते वहीत तारखेनिशी लिहा. ती वही घरातल्या मोठ्यांना दाखवा. "दिवाळीत मारू एक हात" म्हणणाऱ्या बाबांना तुमच्या भाषणापेक्षा ती दोन बिजागरं लवकर पटतील.

आपापल्या नोंदी जानेवारीअखेरपर्यंत मला पाठवा. निवडक नोंदी याच पानावर छापू. पुढच्या आठवड्यात पेटीतून पान्हा काढायचाय. रात्रभर टप् टप् करून झोप उडवणाऱ्या नळाचा वायसर बदलू या!

तुमचा,
मिस्त्रीकाका